मुंबई ते लंडन : अंतर तेवढंच, मग विमानाचा वेळ का बदलतो?

गूगलवर ‘मुंबई ते लंडन अंतर’ असं टाइप केलं की लगेच उत्तर येतं : साधारण ७,२०० किलोमीटर. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा यायचा आणि दहा वर्षांनीही हाच येईल, कारण दोन्ही शहरं आपली जागा सोडून कुठे जात नाहीत. प्रवासाला लागणाऱ्या वेळेचं मात्र तसं नाही. कधी सव्वानऊ तास, कधी दहा, तर एखाद्या दिवशी विमान निघतं आणि काही तासांनी परत मुंबईतच उतरतं.

हे शेवटचं उदाहरण मी गंमत म्हणून दिलेलं नाही. १३ जून २०२५ ला पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला, इराणने आपलं आकाश बंद केलं आणि त्या दिशेने निघालेली डझनावारी विमानं मधेच वळवावी लागली. मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान माघारी मुंबईला आलं. लंडनहून मुंबईला येणारं विमान व्हिएन्नाला उतरवलं गेलं. आत बसलेल्या लोकांच्या फोनवर तेव्हाही ‘७,२०० किमी’ हाच आकडा दिसत असणार.

आपल्यापैकी अनेकजण शिक्षणासाठी युकेला जाण्याच्या तयारीत असतात, कोणाची बहीण तिकडे नोकरीला असते, कोणाचे आईबाबा पहिल्यांदाच एवढा लांबचा विमानप्रवास करणार असतात. तिकीट बहुतेक वेळा घरातला तरुण मुलगा किंवा मुलगीच फोनवरून काढते. म्हणून अंतर आणि वेळ या दोन आकड्यांच्या मधे नेमकं काय घडतं ते आज सविस्तर बघूया.

७,२०० किमी हा आकडा येतो कुठून?

हे अंतर रस्त्यासारखं कोणी फिरून मोजलेलं नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरची सर्वात जवळची रेघ काढली जाते. याला ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. एखाद्या चेंडूवर दोन टिंबं काढून त्यांच्यावरून रबरबँड ताणून बसवला तर तो ज्या वाटेने बसेल, ती ही रेघ.

गडबड होते ती फोनवरच्या सपाट नकाशामुळे. गोल पृथ्वी चपटी करून स्क्रीनवर बसवताना उत्तरेकडचे देश ओढून मोठे केले जातात. त्यामुळे सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेघ खरं तर जवळची नसते. मी हे मोजून बघितलं. मुंबई ते लंडन अशी सपाट नकाशावरची सरळ रेघ सीरियावरून जाते आणि भरते साधारण ७,४०० किलोमीटर. गोलावरची जवळची वाट याहून बरीच उत्तरेकडून जाते आणि ७,२०० मधे संपते. म्हणून विमानाची वाट नकाशावर नेहमी वर फुगलेली, कमानीसारखी दिसते. अनेकांना वाटतं की पायलट उगाच वळसा घालतोय. तसं नाही, तो जवळच्याच वाटेने चाललेला असतो.

तुम्हालाही बघायचं असेल तर गूगल अर्थ अॅप उघडा, त्यातलं अंतर मोजायचं टूल घ्या आणि मुंबईवर एक टिंब, लंडनवर दुसरं टिंब द्या. पृथ्वीचा गोळा बोटाने फिरवून बघितला की ती रेघ सरळच असल्याचं लक्षात येतं.

ही रेघ कोणाकोणाच्या डोक्यावरून जाते?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण या एका रेघेवर गेल्या काही वर्षांतल्या बातम्या ओळीने उभ्या आहेत.

मुंबईहून निघालेली ही रेघ सौराष्ट्रावरून पुढे सरकते आणि साधारण ९०० किलोमीटरवर जवळजवळ कराचीच्या डोक्यावर पोचते. पुढे बलुचिस्तान. एकूण वाटेचा पाव भाग संपतो तेव्हा आपण इराणच्या पूर्व भागात असतो. बरोबर निम्मी वाट होते ती जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या आसपास. मग काळा समुद्र येतो आणि पाऊण वाट संपते तेव्हा खाली पश्चिम युक्रेन असतं. त्यानंतर पोलंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि लंडन.

आता या यादीकडे बातम्यांच्या नजरेने बघा.

पाकिस्तान : पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. तेव्हापासून दोन्ही देश साधारण महिन्या-महिन्याची मुदतवाढ देत गेले आणि २०२५ चं उरलेलं वर्ष तसंच संपलं.

इराण : जून २०२५ मधल्या युद्धात आकाश पूर्ण बंद.

युक्रेन : २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला, त्या दिवसापासून नागरी विमानांसाठी बंद.

म्हणजे गूगल जो ७,२०० चा आकडा दाखवतं, त्या वाटेने आज भारतीय कंपनीचं एकही विमान जाऊ शकत नाही. अंतर खरं आहे, पण ती वाट अस्तित्वात नाही.

आकाशाला मालक असतो का?

असतो. ७ डिसेंबर १९४४ ला अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका करारावर सह्या झाल्या. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की प्रत्येक देशाचा आपल्या जमिनीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचा हक्क आहे. आजची सगळी आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक याच पायावर चालते. दुसऱ्या देशाच्या वरून जायचं तर परवानगी लागते आणि बहुतेक ठिकाणी वाहतूक नियंत्रणाचे पैसेही द्यावे लागतात. आपल्याकडच्या टोलनाक्यासारखंच समजा, फक्त नाका दिसत नाही आणि बिल विमान कंपनीला जातं.

आकाश बंद करायची पद्धतही अगदी साधी आहे. नोटॅम नावाची एक छोटी सूचना निघते. त्यात कोणतं आकाश, कोणासाठी, कधीपासून कधीपर्यंत बंद एवढंच लिहिलेलं असतं. पाकिस्तानच्या नोटॅममधे भारतात नोंदणी झालेली विमानं तर आहेतच, शिवाय भारतीय कंपन्यांनी भाड्याने घेतलेली विमानंही आहेत. इंडिगोने जुलै २०२५ पासून मुंबई ते मँचेस्टर सेवा सुरू केली, ती नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७ विमानाने. विमान परदेशी असलं तरी कंपनी भारतीय, त्यामुळे त्यालाही पाकिस्तानवरून वाट नाही.

उलट मुंबईहून लंडनला जाणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या विमानाला ही बंदी लागू नाही. पण ब्रिटिश कंपन्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे, जे भारतीय कंपन्यांना खुलं आहे. एकाच विमानतळावरून, एकाच शहराला, जवळजवळ एकाच वेळी निघालेल्या दोन विमानांसाठी वरचं आकाश वेगवेगळं असतं. तिकिटाच्या अॅपवर दोन्हींच्या वेळेत फरक दिसतो त्यामागे हेही एक कारण असतं.

मुंबईला कमी फटका, दिल्लीला जास्त. असं का?

बातम्यांमधे सगळीकडे ‘भारतीय विमानांना वळसा’ असं एकच वाक्य येतं. पण वळसा सगळ्यांना सारखा नाही. मी एक सोपा हिशोब केला. पाकिस्तान टाळायचं तर अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने जावं लागतं. म्हणून मधे मस्कत हा एक काल्पनिक टप्पा धरला. विमान तिथे उतरत नाही, फक्त त्याच्या वरून जातं असं समजा.

मुंबई ते मस्कत साधारण १,६०० किमी आणि मस्कत ते लंडन साधारण ५,८०० किमी. बेरीज ७,४०० च्या जरा वर. म्हणजे सरळ वाटेपेक्षा जेमतेम २०० किमी जास्त. विमानाच्या वेगाने हे पंधरा मिनिटांचं काम.

आता दिल्ली. दिल्ली ते लंडन सरळ अंतर साधारण ६,७०० किमी, मुंबईपेक्षा कमी. पण दिल्ली ते मस्कत जवळजवळ १,९५० किमी आहे. मस्कतवरून गेलं तर एकूण अंतर ७,८०० च्या आसपास जातं. म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त वळसा, सव्वा तासाच्या आसपास.

गंमत बघा. सरळ रेघेत दिल्ली लंडनला जवळ आहे. पण पाकिस्तान बंद असताना मुंबई जवळ पडते. कारण मुंबईच्या पश्चिमेला समुद्र आहे, आणि मोकळ्या समुद्रावर कोणत्याच देशाची मालकी चालत नाही. दिल्लीच्या पश्चिमेला थेट पाकिस्तानची सीमा आहे, उत्तरेला हिमालय. त्यामुळे दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत उतरून मग समुद्र गाठावा लागतो.

मध्य आशियाच्या बाबतीत तर हिशोबच तुटला. इंडिगोने एप्रिल २०२५ च्या शेवटी अल्माटी आणि ताश्कंदच्या फेऱ्या थांबवल्या, कारण वळसा घालून तिथपर्यंत पोचणं त्यांच्या छोट्या विमानांच्या आवाक्यात राहिलं नाही. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली ते वॉशिंग्टन थेट सेवा बंद केली, तेव्हा विमानांच्या नूतनीकरणाबरोबर पाकिस्तानचं बंद आकाश हेही कारण दिलं.

आणि इराण-इराकही बंद झालं तर?

मस्कतवरून पुढे लंडनला जाणारी जवळची वाट पश्चिम इराण आणि तुर्कीवरून जाते. इराण नको असेल तर इराकवरून जाता येतं. पण जून २०२५ मधे इराण आणि इराक दोन्ही एकदम बंद झाले. मग उरली ती सौदी अरेबिया, इजिप्त, भूमध्य समुद्र ही वाट.

याचाही हिशोब केला. मुंबई, रियाध, कैरो, लंडन असे टप्पे धरले तर बेरीज ७,९०० किमी येते. सरळ वाटेपेक्षा ७०० किमी जास्त, म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्त. त्यात सगळी विमानं त्याच अरुंद पट्ट्यात घुसल्यावर होणारी गर्दी धरा. २३ जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा कतार आणि आसपासच्या देशांनीही काही तास आकाश बंद ठेवलं, आणि दोहा-दुबईमार्गे जाणाऱ्यांचं वेळापत्रकही कोलमडलं.

एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघाली. ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं चार पंख्यांचं विमान होतं, आणि वाटेतले थांबे होते कैरो आणि जिनिव्हा. तेव्हा कैरोला थांबायचं कारण विमानाची तेवढीच ताकद होती. आजचं विमान न थांबता लंडनच्या कितीतरी पुढे जाऊ शकतं, पण युद्ध पेटलं की तेही पुन्हा इजिप्तवरच्या त्याच जुन्या वाटेला लागतं.

तिकिटावरचे साडेनऊ-दहा तास कसे बनतात?

आता वेळेचं गणित मांडूया. बोइंग ७८७ सारखं विमान वर स्थिर झाल्यावर साधारण ताशी ९०० किमीने जातं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे बरोबर ८ तास. मग तिकिटावर साडेनऊ-दहा तास का असतात?

पहिली भर चढण्या-उतरण्याची. विमान धावपट्टी सोडल्याबरोबर ९०० च्या वेगाने जात नाही. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात.

दुसरी भर जमिनीवरची. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट धरलेला असतो. विमान मागे ढकलल्यापासून ते पलीकडे दार उघडेपर्यंत. मुंबईत धावपट्टीसाठी रांग, लंडनला उतरण्याआधी घिरट्या, उतरल्यावर गेटपर्यंतचा प्रवास. अर्धा तास सहज जातो.

तिसरी भर वाऱ्याची. विमानं ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो. सरासरी ताशी ५० किमीचा विरोध धरला तर वेग ८५० वर येतो आणि ८ तासांचे साडेआठ तास होतात. परत येताना तोच वारा मागून ढकलतो. म्हणून जाताना जास्त आणि येताना कमी वेळ लागतो. याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं आहे. न्यूयॉर्कहून लंडनला येणारं ब्रिटिश एअरवेजचं विमान वादळी वाऱ्याच्या जोरावर ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

चौथी भर वळशाची, जी आपण वर बघितली.

पाचवी भर कंपनीने स्वतःहून ठेवलेल्या मोकळ्या मिनिटांची. थोडा उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’ दाखवता यावं म्हणून वेळापत्रकात जरा सैल जागा सोडतात. ‘विमान वीस मिनिटं लवकर पोचलं’ असं ऐकून आपण खूश होतो ना, त्यातलं बरंच श्रेय या सैल जागेचं असतं.

घड्याळाचा घोळ

आणखी एका गोष्टीत अनेकांचा गोंधळ उडतो. तिकिटावर निघायची वेळ भारताची आणि पोचायची वेळ लंडनची असते. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. हिवाळ्यात साडेपाच तास मागे.

समजा जुलैमधे विमान मुंबईहून दुपारी १ ला निघालं आणि लंडनला संध्याकाळी ६ ला उतरलं. बघताना वाटतं पाच तासांत पोचलं! पण मुंबईत १ वाजलेले असताना लंडनला सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. साडेआठ ते सहा म्हणजे साडेनऊ तास. स्टेशनवर किंवा विमानतळावर घ्यायला येणाऱ्या माणसाला वेळ सांगताना हे डोक्यात ठेवा, विशेषतः घड्याळ बदलतं त्या आठवड्यात.

वळशाचं बिल कोण भरतं?

ड्रीमलायनरसारखं विमान तासाला साधारण ५ टन इंधन जाळतं. पाऊण तासाचा वळसा म्हणजे एका फेरीला जवळजवळ ४ टन. शिवाय हे जास्तीचं इंधन निघतानाच भरावं लागतं, त्याचं वजन वाहून न्यायलाही इंधन लागतं, आणि वजनाची मर्यादा आली तर तेवढा माल किंवा तेवढे प्रवासी कमी घ्यावे लागतात. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे काही लांबच्या फेऱ्यांना जास्तीचे वैमानिक द्यावे लागतात किंवा मधे थांबावं लागतं.

२०१९ मधे बालाकोटनंतर पाकिस्तानने फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत आकाश बंद ठेवलं होतं. तेव्हा एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. २०२५ मधे बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा फटका बसेल असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवला. पाकिस्तानही यात सुटला नाही. पहिल्या सव्वादोन महिन्यांत आकाश वापरण्याच्या शुल्कातून येणारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपये बुडाल्याचं तिथल्या संरक्षण मंत्रालयाने त्यांच्या संसदेत मांडलं.

हे पैसे शेवटी कुठून तरी वसूल होतात. काही कंपनी सोसते, काही सरकारकडे मागितले जातात आणि काही तिकिटात येतात. लंडनला शिकायला जाणारी मुलं सप्टेंबरच्या आसपास एकदम निघतात. तेव्हा मागणी आधीच जास्त असते, त्यात थेट विमानांच्या जागा कमी झाल्या की भाडं वर जायला वेळ लागत नाही.

स्वतःच्या फोनवर कसं बघायचं?

फ्लाइटरडार२४ हे अॅप फुकटात बरंच काही दाखवतं. प्रत्येक प्रवासी विमान आपली जागा, उंची आणि वेग दर काही क्षणांनी रेडिओवरून जाहीर करत असतं. जगभरात हौशी लोकांनी घरांच्या छपरांवर लावलेले हजारो रिसीव्हर ते पकडतात आणि अॅपला पाठवतात. फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांच्या फेऱ्या दिसतात. त्यात दोन गोष्टी बघा : खरी वाट कुठून गेली, आणि हवेत खरा वेळ किती लागला. चार-पाच दिवसांचे आकडे बघितले की तिकिटावरचा वेळ किती विश्वासाचा आहे हे कळतं.

समुद्राच्या मधे विमान कधीकधी दिसेनासं होतं. घाबरू नका, तिथे जवळपास रिसीव्हर नसतो एवढंच. इराक किंवा काळ्या समुद्राच्या भागात विमान अचानक भलत्याच ठिकाणी उडी मारल्यासारखं दिसलं तर तो बहुतेक वेळा जीपीएस स्पूफिंगचा प्रकार असतो. म्हणजे युद्धाच्या भागात कोणीतरी खोटे जीपीएस सिग्नल सोडतं आणि विमानाचा रिसीव्हर फसतो. वैमानिकांकडे जागा ओळखायची दुसरी साधनं असतात.

तिकीट काढताना काय लक्षात ठेवायचं?

१. पुढची फ्लाइट, ट्रेन किंवा बस असेल तर ती शक्यतो एकाच तिकिटात, म्हणजे एकाच पीएनआरवर घ्या. एकाच बुकिंगमधे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर तो तोटा तुमचा.

२. वेगळंच घ्यावं लागत असेल तर मधे किमान चार-पाच तास ठेवा. लंडनला इमिग्रेशनची रांग असते आणि वळशाचा दिवस कोणता हे आधी कळत नाही.

३. भरपाईचा नियम कंपनीप्रमाणे बदलतो. युकेच्या कायद्यानुसार तिथून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला आणि तिकडे जाणाऱ्या ब्रिटिश किंवा युरोपियन कंपनीच्या विमानाला भरपाईचे नियम लागू होतात. मुंबईहून भारतीय कंपनीने लंडनला जाताना ते लागू होत नाहीत, येताना होतात. पण आकाश बंद झाल्यामुळे उशीर झाला तर तो कंपनीच्या हाताबाहेरचा मानतात. तेव्हा रोख भरपाई मिळत नाही, खाणंपिणं आणि गरज पडल्यास हॉटेल मात्र द्यावं लागतं.

४. निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या अॅपमधे वेळ पुन्हा बघा, आणि बुकिंग करताना स्वतःचा चालू मोबाईल नंबर द्या. एजंटचा नंबर असेल तर बदलाचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि तुम्ही विमानतळावर उभे असता.

५. आईबाबा किंवा आजीआजोबा जाणार असतील तर रोजच्या औषधांचा जास्तीचा डोस हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. दहा तासांचा प्रवास वीस तासांचा होऊ शकतो, हे जून २०२५ मधे दिसलंय.

माझं मत

डीजीसीएने २६ एप्रिल २०२५ ला कंपन्यांना सूचना दिली होती की वाट बदलल्यामुळे प्रवास लांबणार असेल, मधे तांत्रिक थांबा असेल, तर प्रवाशांना आधी स्पष्ट सांगा. चांगली सूचना आहे. पण ही माहिती चेक-इनच्या वेळी मिळून माझा काय फायदा? तोपर्यंत पैसे भरलेले असतात. मला ती तिकीट निवडताना हवी आहे.

आज तिकिटाच्या अॅपमधे आपण पाय पसरायला किती इंच जागा आहे ते बघू शकतो, काही ठिकाणी कार्बनचा आकडाही दिसतो. मग ‘गेल्या ३० दिवसांत या फेरीला प्रत्यक्ष किती वेळ लागला’ हा एक आकडा दाखवायला काय अडचण आहे? माहिती तर आकाशातून चोवीस तास फुकटात येतच असते. ‘या फेरीला सध्या वळसा लागू आहे’ एवढी एक ओळ जरी दिली, तरी पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याची पुढची ट्रेन चुकणार नाही आणि एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतील.

दोन देश पुन्हा बोलू लागतील तेव्हा कराचीवरची वाट उघडेल. २०१९ मधे ती एका रात्रीत उघडली होती, यावेळीही तशीच उघडू शकते. तोपर्यंत तिकीट काढताना ७,२०० किमीचा आकडा फक्त माहितीसाठी वाचा, आणि निर्णय घ्यायच्या आधी त्या फ्लाइटचे मागच्या आठवड्यातले खरे तास बघून घ्या.